चेहऱ्याची मालकी

कराराचा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ती ‘नेल्सन’ या नावाने भेटते. ‘वॉर्नर ब्रदर्स पिक्चर्स विरुद्ध नेल्सन’ हा १९३६ साली लंडनच्या न्यायालयात चाललेला खटला. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत तो अजून आहे, आपल्याकडच्याही. एखाद्याने ‘दुसऱ्या कोणाकडे काम करणार नाही’ असं लिहून दिलं असेल, तर न्यायालयाने त्याला तसं करण्यापासून रोखावं का, आणि रोखलं तर ती वेठबिगारी ठरते का, हा त्यातला प्रश्न. परीक्षेपुरता निकाल पाठ करून मुलं पुढच्या धड्याकडे वळतात. ही नेल्सनबाई म्हणजे बेटी डेव्हिस, आणि हार्मन नेल्सन हा तिचा पहिला नवरा, हे त्यांतल्या कित्येकांच्या गावीही नसतं.

तिच्या या चरित्राची सुरुवात मी रीतीप्रमाणे तिच्या जन्मापासून केली आहे, पण पुस्तक सुचलं ते या खटल्यावरून. अमेरिकेतल्या थोर चित्रपट-अभिनेत्रींची नावं घ्यायला बसलं की कॅथरिन हेपबर्नच्या पाठोपाठ, कधी तिच्याही आधी, डेव्हिसचं नाव येतं. दोन ऑस्कर, दहा नामांकनं, जवळपास साठ वर्षांची कारकीर्द, शंभराच्या आसपास भूमिका. ही माहिती कुठेही मिळेल. खटल्याच्या हकिकतीत मला दिसली ती अठ्ठावीस वर्षांची एक नटी. आपला चेहरा कोणत्या सिनेमात दिसावा हे ठरवायचं कोणी, असं ती एका बलाढ्य कंपनीला विचारत होती. न्यायालयात ती हरली. पुढची पन्नास वर्षं तोच प्रश्न ती पडद्यावर विचारत राहिली आणि तिथे बऱ्याचदा जिंकली. तिच्याबद्दल लिहिणारे तिचा अभिनय जमेला धरतात आणि तिची भांडणं खर्ची टाकतात. माझ्या मते दोन्ही रकमा एकाच खात्यातल्या आहेत.

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या कापडगिरण्यांच्या गावात ५ एप्रिल १९०८ रोजी ती जन्मली. वडील पेटंटचे वकील, हुशार आणि कोरडे. बेटी सात वर्षांची असताना आई-वडील वेगळे झाले. आई रूथ दोन मुलींना घेऊन बाहेर पडली, छायाचित्रण शिकली, आणि लोकांचे चेहरे टिपून तिने मुलींची शिक्षणं केली. मुलीचं पाळण्यातलं नाव रूथ एलिझाबेथ. ‘बेटी’ हे नाव ज्या पद्धतीने लिहिलं जातं ती पद्धत बाल्झाकच्या कादंबरीतून उचललेली.

‘द लोनली लाइफ’ या आत्मचरित्रात तिने शाळेतला एक प्रसंग सांगितला आहे. नाताळच्या कार्यक्रमात ती सांताक्लॉज झाली होती, कापसाच्या दाढीने पेट घेतला आणि चेहरा भाजला. आग विझवणाऱ्यांना वाटलं, मुलीचे डोळे गेले. तिला दिसत होतं, तरी तिने डोळे मिटूनच ठेवले. सगळे हवालदिल झालेत आणि त्याला कारण आपण आहोत, याचा तिला एक थरार वाटला. नटनट्यांच्या बालपणीच्या आठवणी मी एरवी हात राखूनच वाचते, कारण पुढचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने त्या लिहिलेल्या असतात. ही मात्र सोडवत नाही. पुढे बॉस्टनला तिने इब्सेनचं ‘द वाइल्ड डक’ पाहिलं आणि नटी व्हायचं नक्की केलं. त्या नाटकातली हेडविग ही दृष्टी जात चाललेली मुलगी. काही वर्षांतच, १९२९ साली, ब्लांश युर्काच्या संचात ती स्वतः हेडविग झाली. आणि १९८७ साली तिची शेवटची मोठी भूमिका आली तीही एका आंधळ्या म्हातारीची. ज्या बाईच्या डोळ्यांवर पुढे गाणं निघालं आणि ते १९८१ साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तिच्या कारकिर्दीचा हा योगायोग मला तिच्या कुठल्याही चरित्रात ठळकपणे मांडलेला आढळला नाही.

न्यूयॉर्कमध्ये इव्हा ल गॅलियनने तिला आपल्या नाट्यसंस्थेत घेतलं नाही. मुलगी पुरेशी गंभीर वाटली नाही म्हणे. मग तिने जॉन मरे अँडरसनची नाट्यशाळा गाठली. तिथे मार्था ग्रॅहॅम शिकवायची. आधुनिक नृत्यात ग्रॅहॅमने काय घडवलं ते जाणकारांना सांगायला नको. डेव्हिसबद्दल लिहिताना सगळे तिच्या डोळ्यांवर थांबतात. मी वाचकाला सुचवेन की एकदा तिची पाठ पाहा. कॅमेऱ्याकडे पाठ करून जिना चढताना, खोलीतून निघून जाताना, खांदे आणि मान एवढ्यावर तिने जे सांगितलं आहे ते कित्येकांना संपूर्ण चेहरा देऊनही सांगता आलेलं नाही. ते शिक्षण ग्रॅहॅमकडचं.

हॉलिवूडला ती १९३० च्या अखेरीस आली. युनिव्हर्सल स्टुडिओचा माणूस तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेला होता आणि रिकाम्या हाताने परतला, कारण गाडीतून नटीसारखं दिसणारं कोणी उतरलंच नाही. ती स्वतः ही गोष्ट हसून सांगत असे. त्याच काळातली दुसरी आठवण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नव्या पुरुष नटांची चाचणी घ्यायची म्हणून तिला एका कोचावर निजवलं आणि पंधरा जणांनी एकामागून एक तिचं चुंबन घेतलं. चाचणी त्यांची होती, ती तिथे सामानासारखी होती. कार्ल फ्रॉयंड या छायाचित्रकाराने तिचे डोळे सुंदर आहेत असा शब्द टाकला म्हणून तिला पहिला सिनेमा मिळाला, १९३१ चा ‘बॅड सिस्टर’. सहा-सात निष्प्राण चित्रपट झाले, युनिव्हर्सलने तिला सोडलं, आणि सामान बांधून ती परत निघाली असताना जॉर्ज आर्लिस या बुजुर्ग इंग्रज नटाने तिला ‘द मॅन हू प्लेड गॉड’साठी बोलावलं. चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचा. तिथे तिने अठरा वर्षं काढली.

त्या वेळचे करार कसे असत ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण आखडूपणाचं वाटेल. नट स्टुडिओशी सात वर्षांपर्यंत बांधलेला असे. ठरावीक मुदतीनंतर करार पुढे न्यायचा की मोडायचा हे फक्त स्टुडिओ ठरवी. नटाला तो हक्क नसे. भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटाला जोडले जात. म्हणजे जितक्या वेळा नाही म्हणाल तितकी सुटका लांबणार. शिवाय स्टुडिओ आपला नट दुसऱ्या स्टुडिओला काही आठवड्यांसाठी उसना देई आणि त्यातला नफा खिशात घाली.

तिचं नशीब उघडलं ते अशाच उसनवारीत. सॉमरसेट मॉमच्या ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’वर आरकेओ चित्रपट काढत होती. त्यातली मिल्ड्रेड ही चहाच्या दुकानातली वेट्रेस. क्षुद्र, निर्दय, शेवटी रोगाने झिजून मरणारी. प्रतिमेला धक्का लागेल म्हणून नामांकित नट्या या भूमिकेपासून लांब राहिल्या होत्या. डेव्हिसने स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरच्या मागे महिनोन्‌महिने भुणभुण लावून परवानगी मिळवली. लंडनच्या गल्लीतली बोली जिभेवर बसावी म्हणून एका इंग्रज बाईला तिने घरी ठेवून घेतलं. आणि मरणाच्या प्रसंगाची रंगभूषा मी स्वतः करणार, असं दिग्दर्शक जॉन क्रॉमवेलला सांगितलं. हॉलिवूडमध्ये तेव्हा नटी मरायची तीही केस विंचरून, ओठ रंगवून. मिल्ड्रेड मरते ती हिरवट कातडीने आणि खोल गेलेल्या डोळ्यांनी. १९३४ च्या प्रेक्षकांनी असं काही पाहिलं नव्हतं.

ऑस्करच्या नामांकनांत तिचं नाव आलं नाही तेव्हा एवढा गिल्ला झाला की मतपत्रिकेवर हवं ते नाव हाताने लिहायची मुभा अकादमीला द्यावी लागली. पुरस्कार क्लॉडेट कोलबेअरला गेला. पुढच्या वर्षी ‘डेंजरस’साठी डेव्हिसला ऑस्कर दिला गेला. आधीच्या अन्यायाची ही भरपाई आहे हे तिला कळत होतं आणि ती तसं बोलूनही दाखवी. एवढं होऊन वॉर्नरने तिला काय द्यावं? ‘सेटन मेट अ लेडी’ नावाचा एक भिकार रहस्यपट, आणि त्यानंतर लाकूडतोड्यांची एक प्रेमकथा. दुसरा तिने नाकारला. निलंबन झालं. ती कॅनडामार्गे इंग्लंडला गेली आणि टोएप्लिट्झ नावाच्या निर्मात्याशी तिने बोलणी पक्की केली. वॉर्नरने लंडनमध्ये मनाई हुकमासाठी दावा लावला.

खटल्यावर या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. वॉर्नरचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी सगळ्या प्रकरणाला हट्टी पोरीच्या रुसव्याचं रूप दिलं. आठवड्याला हजार डॉलरहून जास्त मिळवणारी गुलामगिरी कुणाला नको आहे, हा त्यांचा टोमणा. तिचे वकील सर विल्यम जोविट यांचं म्हणणं होतं की पगाराचा आकडा इथे गैरलागू आहे, करार माणसाला मालकीची वस्तू बनवतो. न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांनी निकाल वॉर्नरच्या बाजूने दिला. त्यामागचा तर्क आजही वर्गात शिकवतात: तिला वॉर्नरकडे काम करायला न्यायालय भाग पाडत नाही, दुसऱ्या निर्मात्याकडे काम करू देत नाही एवढंच, ती बुद्धिमान, कर्तबगार आणि ऐपतदार बाई आहे, सिनेमाखेरीज दुसरं काही करून ती पोट भरू शकेल. कायद्याच्या भाषेत यात खोट काढणं कठीण आहे. पण ज्या बाईने मिल्ड्रेड केली तिला ‘दुसरं काहीतरी कर’ असं सांगणं म्हणजे काय, हे त्या निकालपत्राच्या आवाक्यात नव्हतं.

हा प्रश्न हॉलिवूडपुरता नव्हता. तिच्या पराभवानंतर तीनच वर्षांनी, १९३९ साली, पुण्यात ‘प्रभात’च्या दारात शांता आपटे उपोषणाला बसल्या. तंटा कराराचाच. ‘कुंकू’तली नीरा घराघरांत पोहोचवणारी ही नटी आपल्याच स्टुडिओच्या फाटकाबाहेर बसली, आणि पुढच्या वर्षी तिने ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या मालकांविषयी आणि कामगारांविषयी जे सांगायचं ते सांगून टाकलं. दोघींना एकमेकींची खबर असण्याचं कारण नाही. दोन खंडांतल्या दोन स्टुडिओंनी एकाच दशकात एकाच जातीचे करार लिहिले, आणि दोन्हीकडे भांडायला उठल्या त्या बायका. मराठीत डेव्हिसचं चरित्र लिहिताना हे ओलांडून जाणं मला शक्य नव्हतं.

अमेरिकेत पुढची लढाई डेव्हिसच्याच स्टुडिओतल्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडने लढली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, निलंबनाचे दिवस त्यात वाढवून जोडता येणार नाहीत, असा निकाल तिने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाकडून मिळवला. तो कायदा डी हॅव्हिलंडच्या नावाने ओळखला जातो आणि ते योग्यच आहे.

हरून परतलेल्या डेव्हिसला आता कोपऱ्यात बसवतील असं सगळ्यांना वाटत होतं. जॅक वॉर्नर बनिया होता. इतकी जिद्द तिकीट-खिडकीवर विकली जाते हे त्याने ओळखलं. १९३८ चा ‘जेझेबेल’ आला आणि दुसरा ऑस्कर. कुमारिकांनी पांढरं नेसायच्या मेजवानीला लाल झगा घालून येणारी न्यू ऑर्लिन्सची ज्युली. चित्रपट कृष्णधवल आहे आणि तरीही प्रेक्षकाला तो झगा लाल दिसतो. दिग्दर्शक विल्यम वायलर एकेका दृश्याचे डझनावारी टेक घ्यायचा आणि काय चुकलं ते सांगायचा नाही. ती त्याच्यावर चिडली, आणि त्याच्या प्रेमातही पडली. आपल्याला नाही म्हणू शकणारा दिग्दर्शक तिला आयुष्यात दोन-तीनच भेटले. जिथे तसा कोणी नव्हता तिथे तिचा अभिनय वाहवत गेलेला आहे. हे मी मोकळेपणाने लिहिलं आहे. ‘बियाँड द फॉरेस्ट’ पाहताना तिची नक्कल करणारा कोणी नकलाकार पाहतो आहोत की काय अशी शंका येते.

त्या वर्षांतल्या कामाचा वेग आज थक्क करतो. एकट्या १९३९ मध्ये ‘डार्क व्हिक्टरी’, ‘ह्वारेझ’, ‘द ओल्ड मेड’ आणि ‘द प्रायव्हेट लाइव्ह्ज ऑफ एलिझाबेथ अँड एसेक्स’. एकतिसाव्या वर्षी साठीतली राणी एलिझाबेथ करायची म्हणून तिने कपाळावरचे केस मागपर्यंत भादरून घेतले. १९३८ ते १९४२ अशी सलग पाच वर्षं तिला ऑस्करचं नामांकन होतं. यातल्या प्रत्येक सिनेमावर पुस्तकात मजकूर आहे. इथे मी एकाच चित्रपटापाशी थांबते.

‘द लेटर’, १९४०. पुन्हा मॉम, पुन्हा वायलर. मलायातला रबराचा मळा, चांदणी रात्र, झाडाच्या खाचेतून थेंब थेंब गळणारा चीक, झोपाळ्यांत निजलेले मजूर. एक गोळी. दार उघडून एक पुरुष लडखडत ओट्यावर येतो, त्याच्यामागून पिस्तूल घेतलेली बाई, आणि पिस्तूल रिकामं होईपर्यंत ती पायऱ्या उतरत त्याच्यावर गोळ्या झाडत राहते. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. हातातलं काम पुरं करणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा. पुढचा सगळा चित्रपट ती खोटं बोलते आणि हातांनी लेस विणत राहते. शेवटाकडे ती नवऱ्याला सांगते की ज्याला मारलं त्याच्यावरच माझं अजून प्रेम आहे. या वाक्यावरून वायलरशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं, कुठलीही बाई हे नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणणार नाही. वायलरचं म्हणणं, बघूनच म्हटलं पाहिजे. ती सेट सोडून गेली, परत आली, आणि त्याच्या मनाप्रमाणे केलं. आपलंच बरोबर होतं असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. मी तो प्रसंग पुष्कळदा पाहिला आहे आणि माझं मत वायलरच्या पारड्यात पडतं. तिने नजर वळवली असती तर नवऱ्याला दया दाखवल्यासारखं झालं असतं, आणि त्या बाईत दया नाही.

याच चित्रपटात मेलेल्या माणसाची युरेशियन बायको एका गोऱ्या नटीने डोळे ताणून, चेहरा रंगवून केली आहे. ‘जेझेबेल’मधले गुलाम हसतमुख आणि गाणारे आहेत. त्या काळच्या हॉलिवूडचा हा डाग डेव्हिसच्या चित्रपटांवरही आहे, आणि तो पुसायचा प्रयत्न मी केलेला नाही. दुसऱ्या बाजूला दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. जॉन ह्यूस्टनच्या ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये कायदा शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाची भूमिका होती. हॉलिवूडने तोवर अशा माणसाला माणूस म्हणून क्वचितच दाखवलं होतं. त्या भूमिकेसाठी अर्नेस्ट अँडरसनचं नाव डेव्हिसने सुचवलं. तो स्टुडिओच्या उपाहारगृहात काम करत होता. आणि युद्धाच्या काळात जॉन गारफील्डबरोबर तिने ‘हॉलिवूड कँटीन’ उभं केलं, तिथे गोऱ्या-काळ्या सैनिकांसाठी वेगळी दारं नव्हती. फौजेत मात्र तेव्हा तसा भेद होता. ऑक्टोबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत चाललेल्या या कँटीनमध्ये नामांकित नट्या सैनिकांना सँडविच वाढत आणि त्यांच्याबरोबर नाचत.

कँटीन सुरू होण्याच्या आदल्या वर्षी ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली होती. सन्मान म्हणून खुर्ची दिली आहे, सही करायची आणि हसायचं, अशी इतरांची समजूत. तिने पहिल्याच बैठकीत सूचनांची यादी काढली. युद्धाच्या दिवसांत मेजवान्या कशाला, समारंभ थिएटरमध्ये करा, तिकीट लावा, पैसा मदतनिधीला द्या. मंडळाने तोंडं वाकडी केली आणि दोनेक महिन्यांत तिने राजीनामा दिला. १९४४ पासून समारंभ थिएटरमध्ये होऊ लागला.

‘नाऊ, व्हॉयेजर’बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. आईच्या धाकात कोमेजलेली शार्लट, जाड भुवया, बेढब कपडे. मग मनोविकारतज्ज्ञाची मदत, बोटीचा प्रवास, प्रेम, आणि पॉल हेन्रीडने एकदम दोन सिगारेटी पेटवून एक तिच्या हाती देणं. कथा साखरेच्या पाकातली आहे. पण त्या काळी अमेरिकेतल्या असंख्य बायकांनी तिला पत्रं लिहिली, आपापल्या आयांबद्दल. कुरूप शार्लट सुरुवातीला नेमकी किती कुरूप दिसावी यावरून स्टुडिओ कचरत होता आणि डेव्हिस मागे हटत नव्हती, हे ठाऊक झालं की साखर थोडी कमी लागते.

चाळिशीत वॉर्नरशी तिचं नातं तुटलं, आणि १९५० मध्ये, सगळे तिला संपलेली समजत असताना, ‘ऑल अबाउट ईव्ह’ आला. मार्गो चॅनिंगची भूमिका क्लॉडेट कोलबेअर करणार होती. तिच्या पाठीला दुखापत झाली आणि भूमिका डेव्हिसकडे आली. चित्रपटाला चौदा नामांकनं मिळाली, तो त्या वेळचा विक्रम. वय वाढत चाललेल्या नटीवर चित्रपट पुष्कळ निघाले आहेत, बहुतेकांत तिला वेडी तरी ठरवतात नाहीतर मारून तरी टाकतात. मार्गो चिडते, दारू पिते, लोकांना टाकून बोलते, आणि शेवटी चाळिशी मान्य करून सुखाने जगायला लागते. मेजवानीच्या त्या प्रसिद्ध प्रसंगातला खांद्यांवरून घसरलेला झगा हा शिवणातल्या चुकीचा परिणाम होता. वेशभूषाकार ईडिथ हेड हादरली, आणि डेव्हिसने तो आणखी खाली ओढून तसाच वापरला. त्या वर्षी ऑस्कर जूडी हॉलिडेला मिळाला. कानच्या महोत्सवात मात्र सर्वोत्कृष्ट अभिनेत्री डेव्हिसच ठरली.

त्यानंतरची दहा वर्षं मी पुस्तकातही भराभर सांगितली आहेत. तोवर तिची एकूण चार लग्नं झाली होती. त्यांतली तीन मोडली आणि एक नवरा अकाली वारला. कामं मिळेनात. सप्टेंबर १९६२ मध्ये हॉलिवूडच्या धंद्याच्या वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिरातींच्या धर्तीवर तिची जाहिरात झळकली: तीन मुलांची घटस्फोटित आई, चित्रपटांत अभिनयाचा तीस वर्षांचा अनुभव, लोक सांगतात त्यापेक्षा स्वभावाने बरी, कायम काम हवं. अर्धी थट्टा, अर्धी थप्पड. कारण तोवर ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टु बेबी जेन?’ पुरा झाला होता. एकेकाळची बालनटी जेन, साठीला टेकलेली, अजून लहान मुलीच्या झग्यात. डेव्हिसने रंगभूषा स्वतः ठरवली: जेन कधी तोंड धूत नसेल, कालच्या थरावर आजचा थर चढवत असेल. मिल्ड्रेडनंतर अठ्ठावीस वर्षांनी तोच हट्ट. याला धाडस म्हणायची पद्धत आहे. मला त्यात कारागिराची काटेकोरी जास्त दिसते.

‘बेबी जेन’मधली सहनटी जोन क्रॉफर्ड हिच्याशी तिच्या वैराच्या कथा वाचकाला या पुस्तकात फारशा सापडणार नाहीत. त्यांवर पुस्तकं झाली, २०१७ मध्ये दूरचित्रवाणी मालिकाही झाली. पन्नाशी ओलांडलेल्या दोन थोर नट्यांना एका स्वस्त भयपटात काम का शोधावं लागलं, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न, आणि त्यांच्या शिवीगाळीत रमलेल्यांना तो विचारावासा वाटत नाही.

१९७७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव मिळवणारी ती पहिली स्त्री. १९८३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, पाठोपाठ पक्षाघात. १९८५ मध्ये थोरल्या मुलीने आईला क्रूर आणि दारुडी ठरवणारं पुस्तक छापलं. आईने दोन वर्षांनी स्वतःच्या पुस्तकात तिला उत्तर दिलं. या प्रकरणात न्याय करायला बसण्याचा मला अधिकार नाही. दोन्ही पुस्तकांत काय आहे ते मी दिलं आहे. डेव्हिसबरोबर एका घरात राहणं सोपं नसणार, एवढं तिचं स्वतःचं लेखनही सांगतं.

‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ मेन राज्यातल्या एका बेटावर चित्रित झाला. मूकपटांच्या काळातली लिलियन गिश नव्वदी ओलांडलेली, डेव्हिस अठ्ठ्याहत्तरची. डेव्हिस लिबी नावाची आंधळी, कडवट बहीण झाली आहे. पक्षाघाताने ओठ एका बाजूला ओढलेला, शरीर काटकीसारखं. दिग्दर्शक लिंडसे अँडरसनचा कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती त्याला जाऊ देते. सप्टेंबर १९८९ मध्ये स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या महोत्सवात ती सन्मान स्वीकारायला गेली, आणि परतीच्या वाटेवर ६ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या रुग्णालयात वारली.

वाचकाला एक विनंती. या पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. खटल्याचं प्रकरण आधी वाचलंत तरी बिघडत नाही. पण त्याआधी ‘द लेटर’ मिळवून बघा. पंचाण्णव मिनिटांचा चित्रपट आहे. शेवटच्या भांडणात माझं मत तुम्ही वाचलंच आहे. तुम्हाला डेव्हिसचं म्हणणं पटलं, तर पुस्तकातलं ते पान खोडून टाकायला माझी हरकत नाही.